उदारामच्या अंगठ्याखालचा ताप

रस्त्यावर माणसं मरतात, त्यांचे आकडे दर वर्षी छापून येतात. इतके टक्के वाढले, तितके टक्के घटले. लोक वाचतात, हळहळतात आणि पान उलटतात. मी उलटत नाही. मी आधी विचारते, हे मोजलं कुणी? मोजणाऱ्याला सांगितलं कुणी? आणि सांगणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं? नागपूरला अर्थशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले, संख्याशास्त्राचा पेपरही दिला, पण हे प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवले नाहीत. ते मला उदाराम कोतवालाकडून कळले, आणि उदारामला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

१९५७च्या उन्हाळ्यात मी नवेगाव बांधच्या भागात मुख्यसेविका म्हणून रुजू झाले. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळा भंडाराच. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. ऑफिसातले निम्मे कागद हिंदीत, निम्मे मराठीत, आणि दोन्ही कुणाला धड भरता येत नव्हते. माझं काम बायका-मुलांचं. बाळंतपणं, सुईणी, देवीच्या लसी, बालवाडी. त्यासाठी जन्म-मृत्यूंची यादी हवी. मी सायकलवर हिंडून, घरोघर विचारून एका गावाची यादी केली. रेघा मारून, लाल-निळ्या शाईत, फार सुंदर. त्या गावाला मी इथे कवठाटोली म्हणते, नकाशात शोधू नका. तिथल्या कोतवालाने ती यादी उभ्याउभ्या ऐकली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या वहीत मुन्नीबाईचं पोरगं दोनदा जन्मलं. आन् सेवकरामची नात जन्मलीच नाही. तिचं तर बारसंबी झालं. मी पोहे खाऊन आलो."

हा उदाराम. पंचेचाळिशीचा, उंच, हाडकुळा, खांद्यावर दुपट्टा, कमरेला पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. कोतवाली त्याच्या घरात तीन पिढ्यांची. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, कोतवाल म्हणजे पोलिसातला साहेब नव्हे. कोतवाल म्हणजे दवंडी देणारा, साहेब मुक्कामाला आले की खाटा गोळा करणारा, पटेलाच्या ओट्याखाली उभा राहणारा. ओट्यावर बसणारा नव्हे. पण त्याच्याकडे एक काम असं होतं की जे साहेबांनाही येत नव्हतं. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी तीन कोस चालत ठाण्यात जायचं आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं आणि कशाने मेलं, ते सांगायचं.

लिहिता येत नाही, तर लक्षात कसं ठेवायचं? दुपट्ट्याच्या एका टोकाला गाठ. जन्म झाला की तिच्यात धानाचा दाणा, मृत्यू झाला की चिंचोका. मी विचारलं, "दाण्यावरून कळतं कसं, कुणाचं मूल ते?" तो म्हणाला, "तुमाले दाना पाहून धान कोनतं ते कळते ना? मले पोरगं कोनाचं ते कळते." मला वाटलं हा चेष्टा करतोय. करतच होता. पण वर्षभरात त्याची एक चूक मला सापडली नाही, माझ्या त्याने अकरा काढल्या.

आणि नुसती मोजणी नव्हे. त्या पावसाळ्यात हगवण सुरू झाली ती दवाखान्याच्या आधी त्याला कळली. "एका हप्त्यात तीन चिंचोके, बाई. तिन्ही खालच्या टोलीचे. मानसाले काय पाहता, विहीर पाहा." विहिरीचा काठ खचला होता, गोठ्याचं पाणी आत झिरपत होतं. त्या दिवसापासून मी माझी वही त्याच्याकडून तपासून घ्यायला लागले. ऑफिसातले लोक हसले. हसू दे.

ठाण्याचं नाव सांगत नाही. तिथे घनश्याम नावाचा मुन्शी होता, गोंदियाकडचा, हिंदीत बोलायचा आणि मराठीत लिहायचा. त्याच्यासमोर छापील रकाने असत: पटकी, देवी, ताप, हगवण, साप व जनावर, अपघात, इतर. तो विचारायचा, "हां उदाराम, कौन गया?" उदाराम सांगायचा. "काहे से?" उदाराम सांगायचा. मुन्शी रकान्यात रेघ ओढायचा आणि खाली उदारामचा अंगठा. संपलं. ते कागद तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून वर. देशात किती माणसं कशाने मरतात हे वरचे लोक सांगत, ते अशा अंगठ्यांच्या जोरावर.

आता रस्त्याचं सांगते. कवठाटोलीचा तलाव जुना आणि मोठा. तलावाच्या पाळीला आमच्याकडे पार म्हणतात. त्या पारीवरूनच रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मधोमध एक वळण, आणि नेमकं त्या वळणावर बैलांनी पाण्यावर उतरायची घसरण. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या तिथे थांबत. बैलांना ते इतकं पाठ की गाडीवान झोपला असला तरी बैल आपोआप पाण्याकडे वळायचे. गाड्यांचा रस्ता होता तोवर हे ठीक होतं. स्वातंत्र्यानंतर जंगलातून बांबू, लाकूड आणि तेंदूपत्ता भरून ट्रक यायला लागले. ट्रकवाल्याला बैलाची सवय ठाऊक नाही, बैलाला ट्रकची नाही.

१९५९च्या जानेवारीत, धान घरी आणायच्या दिवसांत, भर दुपारी बकारामची गाडी त्या वळणावर होती. बैल पाण्याकडे वळले, समोरून बांबूचा ट्रक आला. त्याने गाडीला नुसतं घासलं. गाडी पारीवरून खाली बांधीत गेली, बकारामच्या छातीवर जू पडलं. ट्रक थांबला नाही. बकारामला खाटेवर घालून घरी आणलं. चौथ्या दिवशी तो गेला. चाळीस वर्षांचा माणूस.

सरपंच भैयाजी पटेल माझ्याकडे आले. पोवार, मोठे धानवाले, आवाज मोठा. "बाई, अर्ज लिव्हा. पारीले कठडा पायजे आन् वळनावर रस्ता रुंद पायजे. मजबूत इंग्रजी टाका त्यात." मी मजबूत मराठीत लिहिला आणि बांधकाम खात्याला पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. भैयाजींनी ते चावडीत सगळ्यांसमोर माझ्याकडून वाचून घेतलं. "ठाण्याच्या नोंदीनुसार सदर ठिकाणी सन १९५४पासून आजतागायत वाहनामुळे झालेले मृत्यू निरंक. सबब कामाची निकड दिसून येत नाही."

"निरंक म्हंजे?" बकारामचा भाऊ सेवकराम म्हणाला.

"निरंक म्हणजे एकही नाही. त्या जागी कुणी मेलं नाही."

"असं का. मंग माया भाऊ कोठं गेला म्हनते तो साहेब? सासुरवाडीले?"

कुणी हसलं नाही. मग सगळ्यांचं तोंड सुटलं. बांधकाम खात्याचा ओव्हरसियर कसा, मुन्शी कसा, सरकार कसं. मीही मागे राहिले नाही. पोलिसांनी कागद दाबले, ट्रकवाल्याकडून खाल्लं, असं मी भर चावडीत बोलले. पुराव्याशिवाय बोलले. उदाराम ओट्याखाली काठीला टेकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या क्वार्टरच्या दारात आला. बस म्हटलं तर बसला नाही.

"बाई, ते निरंक मी केलो."

"तुम्ही? म्हणजे काय केलंत?"

"बकाराम तापानं गेला, असं मीच सांगतलो मुन्शीले. आंगठा माया हाय."

मला आधी कळलंच नाही. मग राग आला. "कायले सांगितलंत?" रागाच्या भरात माझ्या तोंडीही तीच भाषा आली.

त्याने सांगितलं ते असं. मोटरने मेला म्हटलं की पोलीस येणार, प्रेत गाडीवर घालून तालुक्याला चिरफाडीला नेणार, दोन-दोन दिवस उन्हात. परत येईल ते फाडलेलं. आणि पुढचं त्याहून वाईट. असं अवचित, रक्त सांडून मेलेलं माणूस बिरादरी पितरांत मिळवत नाही. त्याला वेशीबाहेर पुरायचं, त्याच्या नावाने पान वाढायचं नाही, घराला बट्टा लागतो. "रुख्मानं पाय धरले माये. म्हनली, उदारामभाऊ, ताप सांगा. आन् चवथ्या दिवशी ताप होताच ना, बाई. मी हात लावून पाहिलो. खोटं नाही सांगतलो. अर्धं सांगतलो."

"फक्त बकारामचंच?"

आता तो बसला, ओसरीच्या कडेला, आणि बोटांवर मोजायला लागला. दुपट्ट्यात जुन्या वर्षांचं काही नव्हतं, सगळं डोक्यात. कोण, कोणत्या महिन्यात, कोणत्या गाडीने, किती दिवस जगला. कुणी सायकलवरून पडलेला, कुणी गवताचा भारा घेऊन चालणारी, चैनलालची म्हातारी आई. पाच वर्षांत त्या एका पारीवर नऊ. आणि नऊही ताप. त्यातले दोघे तर जागच्या जागी गेले होते. त्यांनाही खाटेवर टाकून, तोंडावर पांघरूण न घालता, पाणी पाजल्यासारखं करत घरी आणलं, आणि मग घरात रडायला सुरुवात केली. रस्त्यावर कुणी रडलं नाही. रस्त्यावर रडलं असतं तर माणूस रस्त्यावर मेला असता.

मी पुष्कळ वाचलं होतं. पण अख्खं गाव मिळून हुंदका दाबत एक किलोमीटर चालतं, तो आकडा वर जाऊन 'निरंक' होतो, आणि मग तेच निरंक उलटून त्या गावावर पडतं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी जरा कठोर बोलले. म्हटलं, "तुमच्या दयेनं तो रस्ता निर्धोक ठरला, उदाराम."

"म्हनून तर आलो," तो म्हणाला. "काल चावडीत तुमी मुन्शीले शिव्या देऊन राहिल्या होत्या. त्या माया होत्या."

आता अडचण पाहा. हे दुरुस्त करायचं तर तहसीलदारासमोर सांगावं लागणार की पाच वर्षं मी खोटी खबर दिली. खोटी खबर देणाऱ्या कोतवालाची कोतवाली राहत नाही. त्याला ते माझ्याआधी ठाऊक होतं. मी शहाणपणा केला. म्हटलं, "मी गावाच्या नावाने नवा अर्ज लिहिते, नावं घालते, तुमचा उल्लेखच करत नाही." त्याने मान हलवली. "ठान्यात ताप आन् तुमच्या अर्जात मोटर. साहेब इचारल, खरं कोनतं? मंग मलेच बलावल. तवा सांगण्यापेक्षा आधी गेलेलं बरं."

हे इतकं सरळ होतं की मी नव्या अर्जाचा विचार सोडून दिला. मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत.

पण तो लगेच गेला नाही. म्हणाला, आधी घरं विचारतो. "मी त्यायच्यासाठी झाकलो. त्यायले न इचारता उघडू कसा?" मी म्हटलं, उदाराम, माणसं मरताहेत, उद्या दहावा मरेल, विचारत काय बसता? तो म्हणाला, "दहा दिवस द्या." आणि दिवसाची कामं उरकून रोज एक-एक घर. काही घरी मीही गेले.

त्याच्या स्वतःच्या घरातच पहिला विरोध. त्याची बायको नंदाबाई चुलीपुढून म्हणाली, "नऊ मेले ते मेले. आता दहावी कोतवाली मारा. मंग तिच्या नावानं पानबी वाढू." उदाराम म्हणाला, "वाढजो. भाजी चांगली कर." ती रडली नाही, पातेलं आपटलं. मग मला म्हणाली, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. याले समजवा." मी म्हटलं, मी याच्याच बाजूची आहे. त्यावर तिने मला चहा दिला नाही. बरोबर केलं.

रुख्मा, बकारामची बायको, सूप पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "सांगा," म्हणाली. "आता कायची चिरफाड करतीन? राखेची? पन भाऊ, तेरवीले बिरादरी जेवून गेली. आता ते जेवन वापस मांगाले येनार नाहीत ना?"

"आले तर मले सांग. मी त्यायची मोजनी करतो."

चैनलाल पोवाराने मिशी ओढली. "माँ गई तब मैंने ही बोला था बुखार बोलो। अब तू बोलता है मोटर। ठीक है, बोल। पर मेरा नाम लेके बोल, डरके नहीं." असं आठ घरांत झालं. कुणी लगेच, कुणी दोन फेऱ्यांनी. कुणी शिव्या देऊन, मग हो म्हणून.

नववं घर एका बाईचं. तिला मी मंदाबाई म्हणते, ते तिचं नाव नाही. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता. थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं. ती ओसरीवर आली नाही, दाराच्या आतूनच बोलली.

"उदारामभाऊ, तुमी कागदावर मोटर लिव्हाल. मंग माया मानूस पितरातून बाहीर निंगल का?"

उदारामने दुपट्ट्याची गाठ चाचपली.

"मी त्यायले तिथं बसवली. दर पितरपाटात पान वाढतो. पोरी पाया पडतात. आता उठवाले सांगता?"

मी मध्ये पडले. म्हटलं, मंदाबाई, पितर-बितर राहू द्या, कठडा झाला तर दुसऱ्या कुणाचा नवरा वाचेल. ती म्हणाली, "बाई, दुसऱ्याचा वाचो. त्यायचं आसन मोडू नोका." दार लावलं नाही, पण आत गेली. मी बाहेर आल्यावर उदारामला म्हटलं, हे अडाणीपण आहे. तो चालता चालता म्हणाला, "असल. पन तिचं हाय."

मे महिन्यात तहसीलदारांचा दौरा आला. केशोराव नाव, वयस्क, चष्म्याच्या वरून पाहणारे, फालतू बोलणं खपवून न घेणारे. शाळेच्या ओसरीत टेबल टाकलं होतं. शेजारी ठाण्याचा घनश्याम मुन्शी रजिस्टरं घेऊन. भैयाजी पटेल खुर्चीवर, गाव अंगणात. सारा, तक्रारी, तलावाचं पाणी, सगळं झालं. सकाळपासून खाटा आणि पाणी उदारामनेच आणलं होतं. ते आटोपल्यावर तो अंगणात उन्हात पुढे आला, कमरेचा पट्टा सोडला आणि बिल्ल्यासकट ओसरीच्या कडेवर ठेवला.

"हे काय?" केशोराव म्हणाले.

"साहेब, मी खोटी खबर दिलो. पाच साल. पारीवर मोटरनं मेले, मी ताप सांगतलो."

मुन्शीचा चेहरा उतरला. "साहब, इसने जो बोला वही लिखा मैंने. मेरा इसमें…"

"मुन्शीजीचा कसूर नाही," उदाराम म्हणाला. "मी ताप म्हनलो, त्यायनं ताप लिवला. त्यायले काय, त्यायनं थोडीच हात लावून पाहिलं?"

केशोरावांनी चष्मा काढला. "तुला कळतं का तू काय बोलतोस? हे ऐकल्यावर मला काय करावं लागेल?"

"कळते. म्हनून पट्टा काढलो. तुमाले काढाले लावलं असतं तर चांगलं नाही दिसत."

मागून कुणी तरी फिसकन हसलं. केशोरावांनी तिकडे पाहिलं, हसू थांबलं. मग ते म्हणाले, "सांग नावं."

उदारामने आठ नावं सांगितली. महिना, साल, बाप किंवा नवरा, कशाने, किती दिवसांनी. न अडखळता, पाढे म्हटल्यासारखी. मी माझ्या वहीत लिहीत होते आणि मुन्शी रजिस्टर उलटत होता. प्रत्येक नावाला रजिस्टरात ताप सापडत होता आणि अंगणातून त्या-त्या घरचं माणूस उठून "हो" म्हणत होतं. रुख्मा उठली, चैनलाल उठला. मला कबूल केलं पाहिजे, हे त्याने ठरवून घडवलं की आपोआप घडलं ते मला आजही माहीत नाही.

"आठ," केशोराव म्हणाले.

"नाव आठ, साहेब. मेले नऊ."

"नववं कोण?"

"ते सांगता येत नाही."

"का? विसरलास?"

"नाही जी. घरच्यायनं परवानगी नाही देल्ली."

केशोराव चिडले. बिननावाचा मृत्यू कुठल्या रकान्यात लिहू, असं त्यांनी विचारलं. सरकारी कागद म्हणजे भजनाची वही नव्हे, असंही म्हणाले. उदाराम शांतपणे म्हणाला, "मंग नका लिव्हू, साहेब. आठच लिव्हा. मी नऊ म्हनलो ते खोटं राहू नये म्हनून म्हनलो." मी अंगणात नजर टाकली नाही. मला भीती वाटली की मी चुकून त्या बाईकडे पाहीन.

केशोरावांनी ओव्हरसियरला तिथूनच निरोप पाठवला आणि आठ नावांचा कागद स्वतःच्या सहीने वर धाडला. उदारामला त्याच दिवशी निलंबित केलं, आणि दोन महिन्यांनी काढलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच पेनाने केल्या. मला तेव्हा संताप आला होता. तहसीलदारांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्यावर आता कमी येतो, पण येतो.

पुढची गंमत ऐका. मागच्या वर्षांची पुस्तकं बंद झालेली, म्हणून बकारामबरोबर आधीची सातही माणसं १९५९च्याच तक्त्यात चढली. जिथे पाच वर्षं निरंक होतं तिथे एका वर्षात आठ. वरून पत्र आलं: सदर भागात वाहन-मृत्यूंमध्ये अचानक चिंताजनक वाढ दिसते, कारणे कळवावीत. केशोरावांनी ते मला दाखवलं आणि विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, लिहा की मेले जुनेच आहेत, सांगणारा या वर्षी उभा राहिला. त्यांनी सरकारी भाषेत तेच लिहिलं. त्यानंतर कुठलाही वर चढणारा किंवा खाली उतरणारा आलेख मला दाखवला की मी विचारते, यात उदाराम कुठे उभा आहे, आणि कुठे त्याने ताप सांगितलाय?

पावसाळ्यानंतर ओव्हरसियर आला. तरुण होता, जरा ताठ्यात. कठड्याची मापं घ्यायला लागला. उदाराम तेव्हा कोतवाल नव्हता, तलावात ढिवरांबरोबर जाळं ओढायला जात होता. तो गुडघाभर पाण्यातून वर आला आणि म्हणाला, "साहेब, कठडा बांधा. पन बैल इथंच वळल. कठड्यात घुसल. आधी बैलाले पानी दुसरीकडं पाजा." ओव्हरसियरने विचारलं, तू कोण? "कोनी नाही. बैल पाहिलेला मानूस." तरी ओव्हरसियरने ते ऐकलं आणि वळणापासून दोनशे पावलं मागे, सरळ रस्त्यावर, बैलांसाठी नवी घसरण केली आणि जुनी दगडांनी बुजवली. बैलांना नवी जागा शिकवायला गाडीवानांनी आठवडाभर उतरून वेसण धरून चालवलं. पुढच्या वर्षी, साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच महिन्यात कमरेइतका कठडा पुरा झाला. मी त्या भागात आणखी चार वर्षं होते. पारीवर एक ट्रक कठड्याला घासला, एकदा एक म्हैस मेली. माणूस नाही. हे मी रजिस्टर पाहून सांगत नाही, उदारामला विचारून सांगते.

कारण नवा कोतवाल नेमला तरी गाव आधी उदारामकडेच सांगायला यायचं. नवा कोतवाल बिचारा बाजाराच्या आदल्या दिवशी तलावाच्या काठाला जाऊन बसायचा. उदाराम जाळं निवडता निवडता त्याला सांगायचा, हा धान, हा चिंचोका. आणि एक नवी गोष्ट. चिंचोका एका बाजूने दगडावर घासून पांढरा केला की तो रस्त्याचा. "आता ताप सांगजो नोको बापा," तो त्याला म्हणायचा, "घरचे पाय धरतीन तर म्हन, मी खाली बसतो, तुमी उभे राहा, पन जे झालं ते सांगीन." नंदाबाईने मला चहा द्यायला वर्षभराने सुरुवात केली. साखर मात्र कमीच.

मंदाबाईच्या मुलीचं लग्न साठच्या उन्हाळ्यात झालं. आमंत्रण द्यायला ती उदारामच्या घरी स्वतः आली. नंदाबाईला कुंकू लावलं, उदारामच्या हातात अक्षता दिल्या. पंगतीत त्याला कुठे बसवलं ते विचारू नका, ते दिवस तसे होते, आणि मला त्याचा राग तेव्हाही होता. पण वाढायला ती स्वतः आली, आणि त्याच्या पानात तिने दोनदा वाढलं.

परत येताना पारीवरून आम्ही बरोबर चालत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "उदाराम, नववंही सांगून टाकायचं होतं. कोतवाली तर तशीही गेलीच."

तो म्हणाला, "कोतवाली माही होती, बाई. तो मानूस माया नव्हता."

मी त्याच्याशी गाव येईपर्यंत भांडले. नऊ मेले तर नऊच लिहावेत, दयेने आकडे खोटे होतात हे तूच मला शिकवलंस, असं सगळं बोलले. माझंच बरोबर होतं. आजही माझं तेच मत आहे. तो नुसता हूं हूं करत चालत राहिला, आणि त्याच्या घराच्या वळणावर म्हणाला, "बाई, उद्या वही घेऊन या. तुमच्या यादीत चैनलालची सून अजून बाळंत नाही झाली. जुळे हायेत."